ऑटिझम असलेला भाचा न्यायालयीन कोठडीत आहे: काय मागावे आणि काय मागू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा २४ वर्षांचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर. तो सात वर्षांचा असताना एका बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझमचे निदान लिहून दिले होते. पण शाळा बरी चालली म्हणून पुढे कोणी पाठपुरावा केला नाही आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही काढले नाही. मोबाइलवरच्या एका खेळात ओळख झालेल्या ‘मित्रा’ने मागितले म्हणून त्याने आपले बँक खाते, एटीएम कार्ड आणि सिम त्याला देऊन टाकले. त्या खात्यात ऑनलाइन फसवणुकीचे पैसे आले आणि आता तीन आठवडे झाले, तो न्यायालयीन कोठडीत आहे. तुरुंगात मुलाखतीला (भेटीला) गेल्यावर तो खाली पाहत बसतो, जेवण जवळपास बंद आहे, आणि वकील म्हणतात की ‘डोक्यावर परिणाम असल्याचे सर्टिफिकेट आणा, सुटून जाईल’. ते आणावे का, आणि तो आत असेपर्यंत त्याच्यासाठी काय करता येईल, हे आपल्याला हवे आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. गेली २२ वर्षे प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींबरोबर काम करतो आणि त्या निमित्ताने न्यायालयात आणि तुरुंगात जाणे झाले आहे. कायद्याविषयी खाली जे लिहिले आहे ते वकिलांसमोर ठेवण्यासाठी आहे, त्यांच्या सल्ल्याच्या जागी घेण्यासाठी नाही. माझ्या कामातली जी उदाहरणे दिली आहेत त्यांचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: ते सर्टिफिकेट आणू नका. किमान हा मार्ग नेमका कोठे जातो हे समजल्याशिवाय तरी आणू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये (जुन्या दंड संहितेचे कलम ८४) मनोविकल व्यक्तीला जे संरक्षण आहे, ते मिळण्यासाठी कृत्य करताना आपण काय करत आहोत किंवा ते चूक आहे हे कळण्यास ती व्यक्ती असमर्थ होती असे दाखवावे लागते. आपल्या भाच्याला आपण कार्ड देत आहोत हे कळत होते, आणि चोरी वाईट हेही त्याला माहीत आहे. उलट नियमांच्या बाबतीत तो घरातल्या कोणाहीपेक्षा काटेकोर असणार. त्याला कळले नाही ते समोरच्याच्या मनात काय आहे हे. हा मुद्दा हेतूचा आणि माहितीचा आहे. तो मांडण्यासाठी त्याला वेडा ठरवण्याची गरज नाही, आणि वेडा ठरवण्याच्या नादात हा खरा बचाव हातचा जातो.

दुसरा धोका अधिक मोठा आहे. आरोपी स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे असा मुद्दा निघाला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ पासूनची चौकशी सुरू होते. शल्यचिकित्सक, मग सरकारी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मग अहवाल, मग खटला तहकूब. कलम ३६९ मध्ये अशा आरोपीला नातेवाइकांच्या हमीवर सोडण्याची तरतूद आहे, पण तसे झाले नाही तर त्याला मानसोपचार मिळेल अशा ठिकाणी ठेवले जाते, आणि तहकूब खटल्याला शेवटची तारीख नसते. आसाममधील मचल लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले गेले, पुढे ते बरे असल्याचे कळवूनही त्यांचा खटला उभा राहिला नाही, आणि २००५ मध्ये ते बाहेर आले तेव्हा ५४ वर्षे उलटली होती. त्यांना ऑटिझम नव्हता आणि काळही वेगळा होता, हे मान्य; पण ज्या दाराने ते आत गेले तेच दार आपल्याला ‘लगेच सुटेल’ म्हणून दाखवले जात आहे. ज्याला ऑटिझमबरोबर तीव्र बौद्धिक अक्षमता आहे, खटला म्हणजे काय हेच ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी हा मार्ग योग्य असू शकतो. आपला भाचा पदवीधर आहे. तपासणाऱ्या डॉक्टरने प्रामाणिकपणे ‘मनोविकल नाही, बौद्धिक अक्षमता नाही’ असा शेरा लिहिला की सरकारी वकील तोच कागद दाखवून ‘आरोपी पूर्णपणे नॉर्मल आहे’ म्हणतील, आणि ऑटिझमचा विषय कायमचा मिटेल. मी हे दोनदा झालेले पाहिले आहे.

याऐवजी मागायचे आहे ते दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ खाली. या कायद्यातील २१ दिव्यांगत्वांमध्ये ऑटिझम स्पष्ट नावाने आहे. कलम ३ मध्ये ‘वाजवी सोयी’ पुरवण्याचे शासनावर बंधन आहे, आणि कलम १२ न्याय मिळवण्याच्या हक्काबद्दल आहे. त्यात न्यायालयांबरोबर तपासाचे अधिकार असलेल्या यंत्रणाही येतात, म्हणजे पोलीसही आले. ही मागणी करताना माणसाला असमर्थ म्हणावे लागत नाही. तो समर्थ आहे, फक्त प्रश्न साध्या वाक्यात, एका वेळी एक, आणि उत्तराला वेळ देऊन विचारावा, एवढेच म्हणायचे असते.

हे इतके महत्त्वाचे का, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझ्या अनुभवात ऑटिस्टिक माणसाचे तुरुंगातले निम्मे हाल त्याचे वागणे चुकीचे वाचले गेल्यामुळे होतात. स्वमग्नता हा ऑटिझमसाठीचा आपला रूढ मराठी शब्दच मुळात दिशाभूल करणारा आहे. त्यात माणूस आपल्यातच रमलेला, बाकीच्यांची पर्वा नसलेला असे ध्वनित होते, आणि पोलीस ठाण्यापासून तुरुंगापर्यंत त्याच्याविषयी नेमके हेच मत होते. नजर चुकवतो म्हणजे काहीतरी लपवतो. उत्तर द्यायला वेळ घेतो म्हणजे गोष्ट रचतो. एकसुरी आवाजात बोलतो म्हणजे उद्धट आहे. हात हलवतो, पुढेमागे डोलतो, म्हणजे नशा केली आहे किंवा सोंग करतो. खांद्यावर हात ठेवताच झटकन मागे सरतो, म्हणजे अंगावर येतो.

एका तरुणाच्या चौकशीची हकिगत त्याच्याच तोंडून मी नंतर शब्दशः ऐकली आहे. असे तपशील तो विसरत नाही. अधिकाऱ्यांनी विचारले, ‘तुला माहीत होतं ना खात्यात पैसे येणार?’ तो म्हणाला, ‘हो.’ खाते असते ते पैसे येण्यासाठीच, म्हणून हो. ‘मग थांबवलं का नाहीस?’ तो म्हणाला, ‘थांबवण्याचं बटण नाही.’ यावर त्याला कानफटात बसली, कारण समोरच्याला ती मस्ती वाटली. बँकेच्या ॲपमध्ये येणारी रक्कम अडवण्याची सोय नसते, इतकाच त्याचा अर्थ होता. दोन तासांनी त्याला ‘सही कर, मग घरी जाशील’ असे सांगितले गेले. त्याने सही केली आणि उठून दाराकडे चालू लागला. पळून जाण्याचा प्रयत्न, अशी त्याची तोंडी नोंद झाली.

पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे आपले वकील सांगतीलच. पण दंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली जबाब देण्यासाठी त्याला नेले गेले असेल किंवा नेण्याचे घाटत असेल, तर सावध राहा. समोरचा मोठा माणूस जे म्हणतो त्याला होकार देऊन प्रसंग संपवणे ही ऑटिस्टिक व्यक्तीची आयुष्यभराची सवय असते. शाळेत तिने मार असाच चुकवलेला असतो. पुढे खटल्यात त्याच संहितेच्या कलम ३५१ खाली न्यायाधीश आरोपीला पुराव्यातल्या गोष्टींबद्दल विचारतील, तेव्हाही हेच होते. ‘याबद्दल काय म्हणायचे आहे?’ या प्रश्नाला तो ‘काही नाही’ म्हणेल, कारण त्याला काही म्हणायचे नसते. हा खुलासा करण्याची एकमेव संधी आहे हे त्या वाक्यात कोठेही लिहिलेले नसते. हे प्रश्न आधी लेखी मिळावेत आणि लेखी उत्तराची मुभा असावी असा अर्ज वकिलांनी आत्तापासून मनात धरावा. लेखी निवेदनाची सोय त्या कलमातच आहे, त्यामुळे ही काही जगावेगळी मागणी नाही.

आता तुरुंगाविषयी. आपण बाहेरून जी कल्पना करतो, की शिस्त आणि ठरलेले वेळापत्रक ऑटिस्टिक माणसाला मानवेल, ती पूर्ण चुकीची नाही. काही जण मला स्वतः म्हणाले आहेत की सकाळी बराक उघडणे, चहा, गिनती (मोजणी), जेवण, दुपारची बंदी (बराकीत परत कोंडणे), संध्याकाळची गिनती हा क्रम पाठ झाल्यावर त्यांना बरे वाटू लागले. पण तो क्रम पाठ होण्यापूर्वीचे पहिले दोन-तीन आठवडे भयंकर असतात, आणि क्रम मोडतो तो कोणालाही न सांगता. झडती अचानक येते. कोर्टाची तारीख असते आणि गार्ड मिळाला नाही म्हणून जाणे रद्द होते, किंवा व्हिडिओवर हजर केले जाते. एका बराकीतून दुसऱ्या बराकीत हलवण्याचा हुकूम होतो तो ‘सामान उचल’ एवढ्या दोन शब्दांत.

गर्दीचे गणित सरकारी आकड्यांतच आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती, त्यातले ७५.८ टक्के न्यायाधीन बंदी, म्हणजे दोष सिद्ध न झालेले. हे आकडे ज्या वार्षिक सरकारी अहवालात येतात त्यात मानसिक आजार असलेल्या बंद्यांचा रकाना आहे, ऑटिझमचा नाही. म्हणून कोणत्याही अधीक्षकांना विचारा, ते खरेपणाने सांगतील की आमच्याकडे असा एकही बंदी नाही.

बराकीत रात्रभर दिवा चालू असतो. टीव्ही, भांडणे, खोकला, आतल्या संडासाचा वास, आणि दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर झोपलेली माणसे. ज्याला ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येते आणि अनोळखी स्पर्श चटक्यासारखा लागतो, त्याच्यासाठी हे काय असेल याचा विचार करा. गिनतीला जोडीजोडीने खाली बसवतात. शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लागते म्हणून एक मुलगा रोज हातभर दूर सरकून बसे, त्यामुळे रांग चुके, मोजणी पुन्हा करावी लागे आणि सगळी बराक त्याच्यावर खवळे. त्याला रांगेच्या अगदी शेवटी, भिंतीला टेकून बसू द्या, एवढे एक वाक्य तिथल्या तुरुंगाधिकाऱ्यांनी तोंडी सांगितले आणि तो प्रश्न संपला. खर्च शून्य.

आपल्या भाच्याचे जेवण बंद असण्याचे कारण उपोषण किंवा नैराश्यच असेल असे धरून चालू नका. घरी तो भात आणि वरण वेगळे खातो का, भाजीचा रस पोळीला लागलेला चालतो का, ते आठवा. तुरुंगात एकाच ताटात सगळे एकत्र वाढले जाते आणि डाळ भातावरच ओतली जाते. तसे असेल तर मागणी ‘विशेष आहार’ अशी करू नका. ती वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जाऊन अडकते. कोरड्या चपात्या वेगळ्या आणि डाळ वेगळ्या वाटीत मिळावी, अशी करा. कॅन्टीनसाठी मनीऑर्डर करत असाल तर त्याने कोणती बिस्किटे घ्यायची ते नावानिशी सांगा. तो कॅन्टीनच्या खिडकीशी ‘काय पाहिजे’ या प्रश्नाला उत्तर न देता परत फिरत असण्याची शक्यता मोठी आहे.

यापुढचे जरा कठीण आहे. ज्या भोळेपणामुळे तो आत गेला, तोच भोळेपणा आतही त्याच्याबरोबर आहे. बराकीत कोणीतरी त्याचा ‘भाई’ होईल, त्याचे कॅन्टीनचे सामान खाईल, त्याच्याकडून कपडे धुऊन घेईल, आणि एक दिवस ‘हे तुझ्या पिशवीत ठेव’ म्हणून काहीतरी देईल. झडतीत ते सापडले की तुरुंगातला गुन्हा त्याच्या नावावर लागतो. दुसरीकडे, नियम मोडणाऱ्याचे नाव अधिकाऱ्यांनी विचारल्यावर तो सगळ्यांदेखत खरे सांगून टाकतो, आणि बराकीत याहून धोकादायक दुसरे काही नसते. या दोन गोष्टी मुलाखतीत त्याला नियमाच्या रूपात सांगा. ‘जपून राहा’ याचा त्याला उपयोग नाही. ‘दुसऱ्याची कोणतीही वस्तू तुझ्या पिशवीत ठेवायची नाही, साबणसुद्धा नाही’ याचा आहे.

मारहाणीच्या भीतीने घरचे लोक बहुधा वेगळी कोठडी मागतात. मी सहसा त्याविरुद्ध सल्ला देतो. पहिले दोन दिवस शांतता मिळते आणि त्यालाही ती हवीशी वाटते. पण मग बोलणे, जेवणे, अंघोळ सगळे हळूहळू थांबते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तक्रार करणारा शेजारीच नसतो. ऑटिस्टिक प्रौढांमध्ये आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त असतो हे संशोधनातून स्पष्ट झाले आहे, आणि त्यांचे कोसळणे पुष्कळदा आवाज न करता होते: हालचाल बंद, बोलणे बंद, डोळे उघडे. पहारेकऱ्याला तो ‘शांत झाला’ असे वाटते. लहान बराक, भिंतीलगतची जागा आणि एखादा वयाने मोठा, बऱ्या स्वभावाचा शेजारी, ही मागणी जास्त उपयोगाची आहे. प्रत्येक बराकीत असा एखादा माणूस असतो आणि तो कोण, हे तिथल्या शिपायांना नक्की ठाऊक असते.

औषधांचा विषय मी एका परिच्छेदात संपवतो, पण तो आजच्या आज करण्याचा आहे. ऑटिझमबरोबर फिट्स येणे असामान्य नाही. भाचा फिट्सच्या किंवा रिस्पेरिडोनसारख्या मानसोपचाराच्या गोळ्या घेत असेल आणि त्या तीन आठवड्यांपूर्वी अचानक बंद झाल्या असतील, तर मूळ प्रिस्क्रिप्शनची प्रत घेऊन तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि पोच घ्या. बाहेरून दिलेल्या गोळ्या थेट त्याच्या हातात जात नाहीत. त्या तुरुंगाच्या दवाखान्यातूनच मिळाव्या लागतात.

आता ज्या एका कागदावर माझा सर्वांत जास्त भर असतो त्याविषयी. तो कागद म्हणजे एका पानाचे टिपण, मराठीत, टाइप केलेले, वरती त्याचे नाव आणि बंदी क्रमांक. त्यात ऑटिझमची व्याख्या नको. ती कोणी वाचत नाही. ‘हा असे वागतो तेव्हा त्याचा अर्थ असा असतो, आणि तेव्हा असे करावे’ अशी सहा-सात वाक्ये हवीत, ती फक्त त्याच्याविषयी. उदाहरणार्थ: ‘तो डोळ्यांकडे पाहत नाही, तो ऐकत असतो. उत्तराला दहापर्यंत मोजण्याइतका वेळ द्यावा. मागून हात लावू नये, आधी नावाने हाक मारावी. कानांवर हात ठेवून डोलू लागला तर तो घाबरला आहे. ओरडू नये, पाच-दहा मिनिटे एकटे सोडावे. झडतीपूर्वी काय काय करणार ते सांगितले तर तो पूर्ण सहकार्य करतो.’ हे टिपण आईने लिहावे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांनी त्यावर सही करावी, आणि वकिलांनी ते रिमांडच्या तारखेला अर्जासोबत न्यायालयात दाखल करून ‘प्रत अधीक्षकांकडे पाठवावी’ असा आदेश मागावा. नुसते तुरुंगाच्या खिडकीवर दिलेले टिपण फाइलमध्ये जाते; न्यायालयाच्या शिक्क्याने आलेले वाचले जाते. खासगी वकील यात रस घेत नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी साहाय्य केंद्र तुरुंगातच असते, त्यांच्यामार्फत अर्ज करता येतो. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते, पण तिथल्या कामाला वेळ लागतो. ती बाजू दुसऱ्या क्रमांकाला ठेवा.

अशा अर्जाला आधार आहे. १५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एल. मुरुगानंथम विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात दिव्यांग बंद्यांविषयी सविस्तर निर्देश दिले. प्रवेशाच्या वेळीच दिव्यांगत्वाची नोंद करणे आणि बंद्याला ते सांगण्याची संधी देणे हे त्यात आहे. तो निकाल अर्जाला जोडा. आपल्या राज्याचा अनुभव फार अभिमानाचा नाही. तळोजा तुरुंगात असताना पार्किन्सन्सने हात थरथरणाऱ्या, ८० पार केलेल्या स्टॅन स्वामींना २०२० मध्ये स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला होता. जिथे डोळ्यांना दिसणारी गोष्ट मागूनही सहज मिळाली नाही, तिथे न दिसणारी गोष्ट मागताना कागद चोख हवा, इतकेच मला म्हणायचे आहे.

कागद चोख करण्यासाठी नव्याने मूल्यमापन करावे लागेल. सतराएक वर्षांपूर्वीची चिठ्ठी उपयोगाची आहे, ती जपा, पण तेवढ्यावर भागणार नाही. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ‘इसा’ ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. तिच्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण, आणि ७० च्या खाली ऑटिझम नाही असे धरले जाते. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. अडचण अशी की शिकलेला, बोलता येणारा, आयुष्यभर इतरांची नक्कल करून निभावून नेलेला तरुण अर्ध्या तासाच्या तपासणीत ७० च्या आसपास घुटमळतो. म्हणून आपल्या बहिणीची सविस्तर मुलाखत व्हावी, बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तके, शिक्षकांचे शेरे, जुने व्हिडिओ सोबत असावेत. तुरुंगात जाऊन तपासणी करण्यासाठी तज्ज्ञाला न्यायालयाची परवानगी लागते. ती मागताना ‘स्वतंत्र खोलीत, किमान दोन तास’ हे शब्द घाला, नाहीतर ती मुलाखतीच्या जाळीतून उरकली जाते.

‘हे निदान अटकेनंतर कसे सुचले?’ असा प्रश्न येणारच. आपल्याकडे जुनी चिठ्ठी आहे, म्हणून आपण सुदैवी. बहुतेकांकडे ती नसते. पण उशिरा झालेले निदान खोटे नसते. अमेरिकी लष्कराच्या आणि नासाच्या संगणकांत शिरल्याचा आरोप असलेल्या ब्रिटनच्या गॅरी मॅकिनन यांना पोलिसांनी प्रथम २००२ मध्ये पकडले आणि त्यांचे ॲस्पर्जरचे (ऑटिझमच्याच एका प्रकाराचे) निदान झाले ते २००८ मध्ये. त्यापूर्वी चाळीस वर्षे ते नुसते विक्षिप्त म्हणून जगले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथल्या गृहमंत्र्यांनी, थेरेसा मे यांनी, त्यांना अमेरिकेच्या ताब्यात देण्यास नकार दिला, कारण प्रत्यार्पण झाल्यास त्यांच्या जिवाला धोका होता.

ब्रिटनचा विषय निघाला म्हणून सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४ च्या पोलीस कायद्याच्या चौकटीत अशा संशयिताची चौकशी करताना पोलिसांशी संबंध नसलेली एक प्रौढ व्यक्ती शेजारी बसवावी लागते. तिचे काम प्रश्न त्याला समजला की नाही हे पाहणे. लंडनमधल्या फेल्टम येथील तरुणांचा तुरुंग ऑटिझमविषयीच्या कामासाठी मान्यता मिळवणारा पहिला तुरुंग ठरला. तिथेही सगळे आलबेल नाही, पण हे काम कोणाचे, याला तिथे उत्तर आहे. आपल्याकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, तोही पूर्ण वेळ नाही, आणि नातेवाइकाला किंवा समुपदेशकाला शेजारी बसवण्याची प्रौढांसाठी सोय नाही. पुन्हा चौकशीला बोलावले तर वकिलांनी दिव्यांग कायद्याच्या कलम १२ चा आधार घेऊन ती परवानगी मागावी. एका प्रकरणात ती मिळाली आणि मी स्वतः बसलो होतो. तीन तास लागणारी चौकशी पन्नास मिनिटांत झाली. तपास अधिकारीच म्हणाले की अशी उत्तरे आधी मिळाली असती तर बरे झाले असते.

जामिनाबद्दल वकील जाणतातच, तरी तीन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या अर्णेश कुमार निकालाप्रमाणे (२०१४) अटक खरोखर आवश्यक होती का, हा प्रश्न आजही विचारता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आजारी किंवा अशक्त आरोपीसाठी जो वेगळा विचार आहे, त्याखाली जेवण बंद झाल्याचा आणि वजन घटल्याचा वैद्यकीय कागद चालू शकतो. आणि ६० दिवसांत (दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत) दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हक्काने मिळतो. तो दिवस मोजून ठेवा. जामिनाच्या अटीही वाचा. ‘दर सोमवारी सकाळी १० ते १ मध्ये ठाण्यात हजेरी’ अशी अट असेल तर तो १० वाजता जाईल, हवालदार जागेवर नसतील, आणि पुढे काय करायचे हे न कळून तो परत येईल. पहिले काही सोमवार आपण बरोबर जा आणि ‘तासभर थांबायचे, मग या नंबरवर फोन करायचा’ हे लिहून द्या.

शेवटी मुलाखतीविषयी, कारण तेवढीच वीस मिनिटे पूर्णपणे आपल्या हातात आहेत. जाळीपलीकडे पन्नास माणसे एकदम ओरडत असतात. तिथे तो बोलणार नाही, म्हणून त्याला बोलते करण्यात वेळ घालवू नका. आधी पत्र पाठवा; तुरुंगात पत्रे तपासून का होईना, पोचतात, आणि लिहिलेले त्याला बोललेल्यापेक्षा जास्त समजते. पत्रात तारखा लिहा: कोर्टाची पुढची तारीख, आपण पुन्हा येण्याचा वार, आणि ‘हे बदलू शकते, बदलले तर असे कळवीन’. ‘लवकरच सुटशील’ असे कोणीही म्हणू नये, आईनेसुद्धा. एका मुलाला त्याच्या वडिलांनी पहिल्याच आठवड्यात तसे सांगितले होते. मी सहा आठवड्यांनी त्याला भेटलो तेव्हा तो रोज संध्याकाळी बंदीच्या वेळी सामान बांधून दारापाशी उभा राहत असे, आणि शिपाई त्याला रोज रागावून आत पाठवत. त्याने मला एकच प्रश्न विचारला: ‘लवकर म्हणजे किती तारीख?’ मी त्याला एका कागदावर पुढच्या तीन तारखा लिहून दिल्या आणि त्यांपुढे ‘कोर्ट ठरवेल’ असे लिहिले. दुसऱ्या दिवसापासून त्याने सामान बांधणे बंद केले.